ओरिजिनलमध्ये नाही

"दादर ट्राम टर्मिनस, कॉमा, पाटी जरा गंजलेली, फुलस्टॉप."

मागून आवाज आला आणि बकुळा मेश्राम भर रस्त्यात थबकली. हातातली बोंबलांची पिशवी हिंदकळली. वळून बघायची काही गरजच नव्हती. रस्त्यावरच्या पाट्या कॉमा-फुलस्टॉपसकट वाचणारा माणूस अख्ख्या हिंदुस्थानात एकच होता, आणि तो उद्या यायचा होता. उद्या! गुरुवारी! उद्यासाठी निळं पातळ इस्त्री करून ट्रंकेवर ठेवलं होतं. उद्यासाठी अर्ध्या दिवसाची रजा काढली होती. आणि आज काय, तर अंगावर विटकी साडी, कपाळावर घाम, हातात वास मारणारे बोंबील... आता काय म्हणावं अशा नशिबाला!

ती वळली. होताच तो. राजाराम गजभिये. एका हातात पत्र्याची पेटी, दुसऱ्या हातात तिच्याच अक्षरातलं पाकीट, पत्ता बघायला बाहेर काढलेलं. तिला बघताच त्यानं पेटी खाली ठेवली.

"मेश्राम बाई!"

"गजभिये... तुम्ही तर उद्या येणार होते न जी?"

आणि तिची तिलाच गंमत वाटली. ते नागपूरचं 'जी' साडेतीन वर्षांत तिच्या जिभेवर आलं नव्हतं. मुंबईनं पार पुसून टाकलं होतं. आज एका क्षणात परत आलं.

"रजा एक दिवस आधी मिळाली," तो म्हणाला. मग पिशवीकडे बघून, अगदी सरळ चेहऱ्यानं, "हे... माझ्या स्वागताले?"

"फुलं संपली होती," ती म्हणाली. "म्हणून बोंबील आणले."

दोघंही हसले. एवढ्या गर्दीत, ट्रामच्या खडखडाटात, एप्रिलच्या त्या चिकट उकाड्यात दोघं वेड्यासारखे हसत उभे राहिले, आणि एक भाजीवाली त्यांना "बाजूला व्हा की" म्हणाली तेव्हा कुठं भानावर आले.

नागपूरच्या सचिवालयात चार वर्षं दोघांचं एकच टेबल होतं. ती टायपिस्ट, तो कारकून. टाइप झालेला प्रत्येक कागद साहेबाकडे जाण्याआधी मूळ कागदाशी ताडून बघायचा, याला तिथं कंपेअरिंग म्हणत. एकानं मूळ कागद मोठ्यानं वाचायचा, कॉमा-फुलस्टॉपसकट. दुसऱ्यानं टाइप केलेल्या प्रतीवर पेन्सिल फिरवत जायचं. जुळलं की 'हं' म्हणायचं, नाही जुळलं की थांबवायचं. बस्स. मूळ कागदात शहाणपण लिहिलंय की वेडेपणा, यावर ताडणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही. बकुळा या कामात इतकी पक्की, की हेडक्लार्क म्हणायचा, मेश्राम बाईंचा 'हं' म्हणजे सरकारी शिक्का.

आणि हा राजाराम! कोंडवाड्यातल्या जनावरांची यादी वाचता वाचता मध्येच घुसडून द्यायचा, "एक काळी म्हैस, कॉमा, एक बैल, शिंग मोडकं, कॉमा, मेश्राम बाईंच्या केसात आज शेवंती, कॉमा..."

"ओरिजिनलमध्ये नाही," ती मान वर न करता म्हणायची. कान मात्र लाल झालेले असायचे.

"नाही? मग माझ्याच डोळ्यांची चूक असन बाप्पा."

एवढंच. चार वर्षांत याच्या पलीकडे एक अक्षर नाही. एकमेकांना नावानं हाक नाही, कधी बोटाला बोट लागलं नाही. पण रोज सकाळी ती केसात फूल माळायची आणि रोज ते कुठल्या ना कुठल्या सरकारी कागदात वाचलं जायचं.

मग छप्पन साल आलं. त्या दसऱ्याला दोघांनी आपापल्या घरच्यांबरोबर दीक्षा घेतली, आणि त्याच दिवसांत जुनं राज्य मोडायला निघालं. नागपूर मुंबई राज्यात जाणार, आणि राजारामचं गाव सौंसर नव्या मध्य प्रदेशात. घरात मराठी, गावात मराठी, बाजारात मराठी, पण रेघ नेमकी अलीकडून गेली. कचेरीतल्या प्रत्येकानं फॉर्म भरायचा होता: मुंबई की भोपाळ? राजारामचा फॉर्म टाइप केला बकुळानं, आणि दोघं ताडायला बसले.

"रकाना सातवा. पसंतीचं राज्य..." तो थांबला. वर पंखा करकरत होता. तो इतका वेळ थांबला की तिच्या पेन्सिलीचं टोक कागदात रुतलं. "पसंती... नाही. फुलस्टॉप."

 प्रतीवरही तेच होतं. तिनंच टाइप केलेलं.

"हं," ती म्हणाली.

पसंती नाही म्हणून गावावरून त्याला भोपाळ मिळालं, आणि ती मुंबईच्या सचिवालयात, मामाकडे राहायला आली. त्या दिवसापासून ती स्वतःला एकच गोष्ट सांगत आली, गजभियेंना पसंती नव्हती. ना मुंबईची, ना आपली. वर्षातून एखादं पत्र यायचं, हवापाण्याचं. आणि या मार्चमध्ये अचानक चार ओळी आल्या: "चार दिवसांची रजा काढतो आहे. मुंबई पाहावी म्हणतो. दाखवाल का?"

बाईच्या जिवाला तेवढ्यानं पालवी फुटली हो! ती काय स्वस्थ बसते? तिच्या सचिवालयात मध्य प्रदेशातल्या सागरकडचा एक कारकून होता, बायकोमुलं तिकडे ठेवून आलेला, भोपाळला जायला तडफडणारा. त्याची आणि राजारामची अदलाबदल होऊ शकत होती. अर्ज मात्र तीस एप्रिलच्या, शनिवारच्या दुपारच्या आत द्यायचा. एक मेला नवं राज्य होणार, मग जुने हिशेब बंद. तिनं अर्ज लिहिला, तोही मराठीत. नव्या राज्यात मराठीच चालणार ना, मग आपण आधीच सुरुवात करू, या हौसेनं! टाइप केला. सागरवाल्याची सही घेतली. आता फक्त एक सही राहिली होती, आणि ती सही करणारा माणूस पेटी घेऊन तिच्या शेजारून नायगावच्या बीडीडी चाळीकडे चालत होता.

मामाची खोली दहा बाय बाराची. मामा बाबुराव परळच्या गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचा, मामी सुंदराबाई रत्नागिरीकडची. दारात पाहुणा बघताच मामी बकुळाच्या कानाशी आली आणि चाळीभर ऐकू जाईल अशी कुजबुजली, "ह्योच काय गो तो कॉमावाला?"

"मामी!"

"या साहेब," मामा म्हणाला. "खोली लहान आहे, पण गच्चीवर झोपायला हवा फर्स्टक्लास. फुकट."

मामीनं सगळ्यांत मोठे बोंबील राजारामच्या ताटात वाढले. बिचारा कोरड्या मुलखातला माणूस, त्या लिबलिबीत माशाकडे असा बघत बसला की बकुळाला हसू आवरेना.

"खा न जी. चावत नाही तो."

"चावत नाही हे खरं," तो म्हणाला, "पण बघून राहिला माझ्याकडे."

तरी त्यानं ताट स्वच्छ केलं. मामी खूश. रात्री मोरीत भांडी घासताना बकुळा गुणगुणत होती आणि मामी काही न बोलता तिच्याकडे बघत होती.

गुरुवारी निळं पातळ नेसून ती त्याला घेऊन निघाली. आधी दादरच्या चौपाटीवर, बाबासाहेबांच्या समाधीशी. दोघांनी मेणबत्ती लावली, वाऱ्यानं दोनदा विझली, तिसऱ्यांदा त्यानं दोन्ही हातांचा आडोसा केला आणि तिनं काडी ओढली. त्याच्या तळहातांवर उजेड पडला. एवढीशी गोष्ट, पण तिला वाटलं, संसार म्हणजे याहून निराळं काय असतं?

मग ट्रामनं गिरगावात. जिकडे तिकडे तोरणं, कंदील, झेंडे. तीन दिवसांवर नवं राज्य आलेलं. तिनं त्याला पीयूष पाजलं. त्याच्या मिशीला पिवळा फेस लागला. तिनं बोटानं आपल्याच ओठावर खूण केली, "इथं..."

"कुठं?"

"इथं जी."

"ओरिजिनलमध्ये नाही," तो म्हणाला, आणि मुद्दाम पुसलंच नाही.

फणसवाडीच्या तोंडाशी पोरींनी महाराष्ट्राचा नकाशा रांगोळीनं काढला होता. गुलाबी रंग भरलेला, नागपूरवर एक झेंडूचं फूल. माणसं कौतुकानं वाकून बघत होती. राजाराम उकिडवा बसला आणि रांगोळीच्या बाहेर, उघड्या दगडावर त्यानं बोट ठेवलं.

"माझं घर इथं आहे. चार बोटं बाहेर."

तो हसत म्हणाला, पण बकुळाला ते हसू सहन झालं नाही. तिला वाटलं, चिमूटभर रांगोळी घ्यावी आणि ती रेघ चार बोटं पुढं सरकवून टाकावी. पर्समध्ये अर्ज होता. काढावा का आत्ता? नको. रस्त्यात नको. शुक्रवारी, नीट बसून, पहिल्यासारखं...

परत येताना तो मध्येच म्हणाला, "थांबा."

"काहून?"

"काही नाही. जरा अशाच थांबा. ऊन तिकडून आहे तोवर."

ती थांबली. तो बघत राहिला, पाठ करायचा धडा बघावा तसा. तिची मान आपोआप खाली गेली. प्रेमाचं माणूस असं बघतं तेव्हा दुसरं काय समजायचं हो? तिनं तेच समजलं जे कुणीही समजलं असतं.

शुक्रवारी संध्याकाळी मामा पाळीवर होता. मामी खाली पटांगणात बायकांबरोबर कंदील चिकटवायला गेलेली. दार अर्थातच सताड उघडं, चाळीत दुसरी रीत नाही. राजाराम पॅसेजमध्ये स्टुलावर बसला, बकुळा आत जमिनीवर. मध्ये उंबरा, जसं तेव्हा टेबल असायचं.

"एक कागद कंपेअर करायचा आहे," ती म्हणाली. प्रत आणि पेन्सिल तिनं स्वतःकडे ठेवली. "तुम्ही वाचा. ओरिजिनल माझ्या अक्षरातलं आहे."

त्यानं कागद घेतला. पहिल्या ओळीवर नजर पडली आणि त्याचा चेहरा उतरला. तिनं तो बघितला नाही, तिची नजर प्रतीवर होती. नियम तो नियम.

"मी, राजाराम गजभिये, कॉमा, भोपाळ कचेरीतील कारकून, कॉमा..."

"हं."

"...अशी विनंती करतो की, कॉमा, परस्पर अदलाबदलीने माझी बदली... मुंबईस व्हावी. फुलस्टॉप."

"हं."

"पसंतीचं राज्य..."

पॅसेजमधून एक बाई घागर घेऊन गेली. खाली कुणीतरी घोषणा दिली, चार बायका हसल्या. तो थांबलेलाच.

"मुंबई," तो अगदी हळू म्हणाला.

"हं!"

काय होतं त्या 'हं'मध्ये! साडेतीन वर्षं न बोललेलं सगळं त्यात होतं. पण त्यानं 'फुलस्टॉप' म्हटलं नाही. त्याच सरळ, कचेरीतल्या आवाजात तो पुढं वाचू लागला.

"तथापि, कॉमा, अर्जदाराचे थोरले भाऊ फाल्गुनात दोन दिवसांच्या तापानं गेले, कॉमा, मागे राधावहिनी आणि दोन लेकरं आहेत, कॉमा, येत्या बुद्धपौर्णिमेला अर्जदाराचं वहिनीशी लग्न ठरलं आहे. फुलस्टॉप."

"ओरिजिनलमध्ये नाही," बकुळा हसून म्हणाली. जुनी सवय! मग तिनं मान वर केली. त्याचे डोळे भरलेले होते.

"आहे जी," तो म्हणाला. "हेच ओरिजिनल आहे."

 पेन्सिल घरंगळत उंबऱ्यापाशी गेली आणि दोघांपैकी कुणी ती उचलली नाही.

"पत्रात का नाही लिहिलं?" ती म्हणाली. "तीन दिवस... तुम्ही हसले, जेवले, माझ्याकडे असं बघितलं. एक ओळ लिहिता आली नाही?"

"लिहिली असती तर तुम्ही 'या' म्हटलं नसतं."

"नसतंच म्हटलं!"

"म्हणून नाही लिहिली. मला चार दिवस पाहिजे होते. आयुष्यातले चारच. चोरून घेतले, मेश्राम बाई. चोर म्हणा मला."

तिला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली आणि त्याच वेळी त्याचं डोकं मांडीवर घ्यावंसं वाटलं. मध्ये उंबरा होता. यातलं काहीच झालं नाही.

"तुम्ही 'हो' म्हणून बसले?"

"वहिनीचे माहेरचे तिला न्यायला आले होते, बिजवराला द्यायला. लेकरं नकोत म्हणाले. थोरला पाच वर्षांचा आहे. त्यानं माझा पाय धरून ठेवला. याच वहिनीनं अर्धी भाकर खाऊन मला मॅट्रिक केलं. आईनं माझ्याकडे बघितलं, आणि मी 'हं' म्हणालो. तुमच्यासारखाच."

"माझ्यासारखा?"

 "सातव्या रकान्याला किती थांबलो होतो मी. आठवतं? चार वर्षं मी काही खोटं वाचलं की तुम्ही थांबवत होत्या. केसातली शेवंती खरी असून थांबवत होत्या. मला वाटलं, एवढं मोठं खोटं वाचतो आहे, आता तरी म्हणतील, ओरिजिनलमध्ये नाही. तुम्ही 'हं' म्हणालात. मग मला वाटलं, यांचीच पसंती नाही."

"कागदावर तेच होतं!" बकुळाचा आवाज फुटला. "तुम्हीच लिहून दिलेलं होतं न जी! मी कागद ताडत होते!"

"हो," तो म्हणाला. "तुम्ही कागद बरोबर ताडला."

देवाशप्पथ सांगते, याहून मोठा आरोप कुणी कुणावर केला नसेल, आणि त्यात रागाचा लवलेश नव्हता. दोन शहाणी माणसं, एका कचेरीतली, कामात पक्की. एकानं हिंमत नाही म्हणून खोटं वाचलं, दुसरीनं नियम म्हणून 'हं' म्हटलं, आणि दोन जन्म वाया गेले.

मामी खळीनं बरबटलेले हात घेऊन वर आली. एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघितलं. राजाराम उठून गच्चीवर गेला. मामीनं उंबऱ्यातली पेन्सिल उचलून फळीवर ठेवली.

"रडायचं तर मोरीत जा गो बाय," ती म्हणाली. "नळ सोड नि रड. हितं भिंती पातळ हायत."

बकुळा मोरीत गेली. मामीनं बाहेर उगाचच भांडी वाजवली, बराच वेळ.

शनिवारी सकाळी ऑफिसात सागरचा कारकून दारातच उभा होता. "सही झाली?" तिनं नाही म्हणून मान हलवली. त्याचा चेहरा इतका पडला की तिला स्वतःचं दुःख क्षणभर विसरायला झालं. त्याचीही दोन लेकरं होती. तिनं माफी मागितली, जागेवर येऊन बसली आणि बाराचा ठोका पडेपर्यंत दुसऱ्यांचे कागद टाइप करत राहिली. एकही चूक झाली नाही.

संध्याकाळी मेल व्ही.टी.हून होती. मामीनं भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी बांधून दिली. मामा म्हणाला, "परत या साहेब, सहकुटुंब या," आणि मामीनं त्याला कोपरानं ढोसलं. बकुळा ट्रामपर्यंत निघाली. स्टेशनवर येऊ नका, असं त्यानंच सांगितलं होतं.

सगळं दादर उजळलं होतं. गॅलऱ्यांतून कंदील, दारांना तोरणं, पोरांच्या हातात झेंडे. अनोळखी माणसं एकमेकांना पेढे भरवत होती. एका म्हाताऱ्यानं या दोघांच्याही हातावर पेढा ठेवला. "घ्या, घ्या! आपले सगळे एक झाले!" दोघांनी तो हातातच धरून ठेवला. तोंडात घालवेना.

"त्या पाच वर्षांच्याला," बकुळा म्हणाली, "अक्षरं शिकवा. तुमच्यासारखं वाचायला शिकवा."

"कॉमासकट?"

"कॉमासकट."

"आणि तुम्ही? मामा स्थळं बघतील..."

"ते नका विचारू जी."

ट्राम आली. त्यानं पेटी चढवली, चढला, खिडकीशी बसला. ती खाली, खिडकीच्या अगदी जवळ. इतक्या जवळ ते आयुष्यात कधी आले नव्हते. त्यानं तिच्याकडे बघितलं आणि हातात कागद नसताना वाचायला लागला, त्याच जुन्या सरळ आवाजात.

"बकुळा मेश्राम, कॉमा..."

आठ वर्षांत त्यानं तिचं नाव पहिल्यांदा घेतलं.

"...मुंबईत राहतील, कॉमा, त्यांचं सगळं बरं होईल, कॉमा, त्या गजभियेंना विसरतील, कॉमा, आणि सुखात राहतील. फुलस्टॉप."

आणि तो थांबला, तिच्या 'हं'साठी. कंडक्टरनं घंटी ओढली.

"नाही," बकुळा म्हणाली. गालांवरून पाणी वाहत होतं आणि तिनं ते पुसलं नाही. "हे ओरिजिनलमध्ये नाही. एक अक्षर नाही!"

ट्राम हलली. राजारामनं खिडकीच्या कडेवर हात घट्ट धरला. त्याची मान हळूच खाली-वर झाली.

"हं," तो म्हणाला.

ट्राम दिव्यांच्या माळांखालून गेली आणि वळली. बकुळा हातातला पेढा तसाच घेऊन चाळीत परत आली. मामी स्टुलावर चढून दाराला कंदील बांधत होती, तिचा हात पुरत नव्हता. बकुळानं पेढा फळीवर, त्या पेन्सिलीशेजारी ठेवला, मामीला खाली उतरवलं आणि कंदील स्वतः बांधला.